कपडे बदलून होईपर्यंत

विमलचा फोन आला तेव्हा मी पालघरला, कचेरीतल्या रांगेत उभी होते. विमल म्हणजे आमच्या बोईसरजवळच्या सरावलीत हिराकाकीच्या खोलीसमोर ताडपत्री बांधून भाजी विकते ती. एरवी ती फोनवर इतक्या मोठ्यानं बोलते की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी ती हळू बोलत होती. "सुनंदाताय, काकी उठत नाय हो. स्टुलावरच बसली हाय. आमाला वाटला, आत कोन कपडे बदलतो हाय, म्हनून कोनी हाक नाय मारली..." मी रांग सोडून बाहेर आले. वैशाखातली दुपार होती. कचेरीच्या पायऱ्यांवर पाय ठेवला तर चपलेतून चटका बसत होता.

हिराकाकीचा हा रिवाज माहीत नसेल त्याला विमलच्या बोलण्याचा अर्थ लागायचा नाही. काकीची खोली स्टेशनकडून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. पुढं इस्त्रीचं टेबल, मागं पत्र्याची एक खोली. नोकरीसाठी मुलाखतीला निघालेली माणसं तिथं थांबून कपडे बदलायची. कुणी आत बदलत असलं की काकी दार ओढून घ्यायची आणि दाराकडे पाठ करून बाहेर स्टुलावर बसायची. दार बंद आणि काकी स्टुलावर, म्हणजे आत माणूस आहे, आता तिकडे जायचं नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दुपारी ती अशीच बसलेली होती, डोकं दाराला टेकलेलं, हात मांडीवर. सावली सरकली आणि ऊन तिच्या पावलांवर आलं, तरी तिनं पाय आत घेतले नाहीत. तेव्हा विमल उठली. काकी उन्हात पाय ठेवणारी नव्हती. पाणी आणायला म्हणून कुणीतरी दार ढकललं, तर आत कोणीच नव्हतं.

मी पोचले तोवर तिला आत निजवलं होतं. खोली माणसांनी भरलेली होती, आणि मी तिच्या चेहऱ्याशिवाय कुठं पाहिलं नाही. भिंतीकडे, खुंट्यांकडे माझं लक्ष गेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण त्याचं काम पुढं पडणार आहे.

काकीची नि माझी ओळख माझ्या शालूमुळे झाली. मी माणदेशातली. लग्न होऊन बोईसरला आले, नवरा कारखान्यात, घरभाडं त्याच्या पगारात भागेना, म्हणून औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला बायका घेतात असं कळल्यावर मीही निघाले. मुलाखत म्हणजे काहीतरी मोठं असणार, तेव्हा असेल त्यातलं भारी नेसावं अशी माझी समजूत. म्हणून ऐन मे महिन्यात लग्नातला जरीचा शालू नेसून चालत निघाले. आमच्याकडचं ऊन भाजून काढतं, पण घाम येतो तसा वाळतो. इथं समुद्र जवळ, हवाच ओली. घाम वाळत म्हणून नाही. काकीच्या टेबलापर्यंत पोचले तेव्हा पोलकं पाठीला चिकटलेलं, जर मानेला घासून मान लाल झालेली, आणि डोळ्यापुढं अंधारी यायला लागलेली. काकीनं इस्त्री उभी केली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय गो, नोकरी मागायला चाललीस का लगीन लावायला?"

मला असा राग आला! पण रागवायचंही त्राण नव्हतं. तिनं मला आत ढकललं, माठातलं पाणी तोंडावर मारायला लावलं, आणि आपली एक धुवट सुती साडी, फिक्या आकाशी रंगाची, इस्त्री करून हातात दिली. दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "झालं काय?" मी बाहेर आले तर ती दाराकडे पाठ करून स्टुलावर बसलेली. शालू मी आतच खुंटीला टांगला होता. मला नोकरी लागली. परत येऊन तिची साडी दिली, शालू घेतला, आणि त्या दिवसापासून माझा चहा तिच्याकडे ठरून गेला. आता त्याच कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे आणि अजूनही मुलाखत म्हटली की मला तो आकाशी रंग आठवतो.

माझ्यासारखे तिथं रोज कुणी ना कुणी येत. उमरोळीहून टमटमनं येणारी पोरं, डोंगराकडच्या पाड्यांवरून पहाटे निघालेल्या पोरी, विदर्भ-मराठवाड्यातून पत्ता शोधत आलेले. सगळे घामाघूम, सगळ्यांच्या हातात कागदांची पिशवी. उन्हात नोकरी शोधायला निघताना काय घालावं यावर काकीची मतं पक्की होती आणि ती न विचारता मिळत. टेरिकॉट नको, अंगाला चिकटतं. काळं नको, राखाडी तर मुळीच नको, बगलेतला ओलावा लांबून दिसतो. पांढरं किंवा अगदी फिकं सुती, आत बनियन हवाच, उकडलं तरी. बूट पिशवीत, पायात चपला, फाटक दिसलं की मग बूट. मुलींनी ओढणी सुती घ्यावी, सळसळणारी नको. आणि घरून घालून निघालेल्या कपड्यांत साहेबापुढे उभं राहायचंच नाही. वाटेत बदलायचे, म्हणजे माणूस घरून आत्ता निघाल्यासारखा दिसतो. यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं तिच्या डोक्यातलं. पिवळ्या रंगाला ती कायम अपशकुनी मानायची, का ते तिलाही सांगता यायचं नाही. पिवळा कुडता घालून गेलेल्या एका मुलीला चांगली नोकरी लागली, तर म्हणाली, "टिकंल तवा खरी." ती टिकलीही. मी चिडवलं तर काकीनं दोन दिवस मला चहा दिला नाही.

तिचे दोन नियम मात्र मोडायची कुणाची छाती नव्हती. एक म्हणजे, कामाच्या शोधात निघालेल्या माणसाला नाव-गाव विचारायचं नाही. विचारलं की टोकल्यासारखं होतं आणि काम होत नाही. काम लागलं की पेढे घेऊन येईल तेव्हा आपणहून नाव सांगेल. आणि दुसरा, माणूस जे घामाचे कपडे उतरवून खुंटीला टांगून जाईल, ते तो परत येईपर्यंत धुवायचे नाहीत, घडी करायचे नाहीत, जागचे हलवायचे नाहीत. "शर्ट खुंटीला हाय ना, मग येल तो," असं म्हणायची. भिंतीला ओळीनं खुंट्या होत्या आणि दुपारच्या वेळी त्यांवर अनोळखी माणसांचे कपडे लोंबत असत. खांद्यांचे आकार तसेच, कोपरं वाकलेली. मी नवीन असताना मला त्या खोलीत एकटीनं बसायला नको वाटे. वाटे, ही सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत... पण सवय कशाचीही होते. संध्याकाळपर्यंत ज्याचे त्याचे कपडे तो घेऊन जाई आणि खुंट्या मोकळ्या होत.

एक सोडून.

ती दुपार मी विसरूच शकत नाही, कारण मी तिथं होते. माझी सुट्टी होती. चहा व्हायचा होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर मऊ पडलेलं. एक पोरगा आला, विशीतला, मिसरूड नीट फुटलेलं नाही. अंगात काळा चकचकीत लांब बाह्यांचा शर्ट. मुलाखतीसाठी म्हणून हौसेनं घेतलेला असणार. घाम येऊन येऊन त्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. म्हणाला, "मावशी, जरा इस्त्री फिरवून देता का?" काकीनं शर्टाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हा घालून गेलास तर वॉचमन फाटकावरनंच परत लावील. दुसरा हाय का?" दुसरा नव्हता. पोरगा तसाच उभा राहिला, पिशवी छातीशी धरून. मग काकी आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मी चमकले, कारण त्या ट्रंकेत काय होतं ते मला माहीत होतं.

काकीचे यजमान, तात्या, इथंच एका कारखान्यात वर्षानुवर्षं कंत्राटी कामगार होते. शेवटी एकदा त्यांना कायम करण्यासाठी मुलाखतीला बोलावलं. त्यासाठी त्यांनी पांढरा सुती शर्ट शिवून घेतला, बारीक निळ्या रेघांचा. काकीनं तो इस्त्री करून ठेवला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी कामावरून आले ते छातीत दुखतंय म्हणत, आणि त्या शर्टात त्यांचा हात कधी गेलाच नाही. काकीनं तो कुणाला दिला नाही, टाकला नाही. ट्रंकेत तळाशी ठेवून दिला होता.

"काकी, तो शर्ट?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"पडून पडून पिवला पडंल," ती म्हणाली. "कुनाच्या तरी कामाला येऊ दे."

तिनं शर्टावर इस्त्री फिरवली. तिचं डावं मनगट मोडून वाकडं बसलं होतं, त्यामुळे डाव्या बाहीला तिच्या हातून नेहमी एकाऐवजी दोन घड्या पडत. गल्लीत कुणाचाही शर्ट पाहिला की मला कळे, हा काकीच्या हातचा. पोरगा आत गेला आणि काळा शर्ट खुंटीला टांगून बदलून आला. शर्ट त्याला खांद्यात ढगळ होता, पण तो एकदम सरळ उभा राहिला. "आलोच मावशी," म्हणाला आणि निघाला. आम्ही दोघी बघत होतो. उन्हात रस्ता हलल्यासारखा दिसत होता. पाठमोरा तो मला वयानं बराच मोठा वाटला, चाल जड, एक खांदा किंचित खाली. मी काकीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

तो परत आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी आधी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "शर्ट ढापला तुझा." काकी म्हणाली, "आपला नवा शर्ट ठेवून लोकांचा जुना कोन ढापतो?" आठवडाभरानं आम्ही दोघी फाटकं धुंडाळायला निघालो. पण विचारणार काय? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तिच्या त्या नियमापायी तो पोरगा आमच्या हातून असा निसटला होता की हाक मारायलाही काही उरलं नव्हतं. चौकीवर गेलो तर तिथल्या माणसानं विचारलं, "नेमकं हरवलंय काय, माणूस की शर्ट?" मी त्याच्याशी भांडले.

शेवटी एका जुन्या कारखान्याच्या फाटकावर, तिथं नुकत्याच लागलेल्या म्हाताऱ्या वॉचमननं मान हलवली. तो शर्ट त्याच्या बरोबर ध्यानात होता. "सफ़ेद शर्ट, बारीक नीली लाइन? हाँ, आया था. इंटरव्यू के लिए आया बोला. अंदर गया." मी म्हटलं, हाच तो, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्यानं माझ्याकडे विचित्र पाहिलं. "लड़का नहीं, मैडम. पचास के आसपास का आदमी था. मूँछवाला. एक कंधा थोड़ा झुका हुआ." मग आठवून म्हणाला, "बाहर आते मैंने नहीं देखा."

काकीनं माझा दंड धरला. तिची बोटं मला आत्तासुद्धा जाणवतात. तात्यांचा एक खांदा खाली होता. वर्षानुवर्षं पोती उचलून आलेला. मिशाही होत्या. आणि ते फाटक त्यांच्याच कारखान्याचं होतं. काकी खोलीवर आल्यावर काळ्या शर्टापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांची मुलाखत राहिलेली ना, सुनंदा. ते गेले त्याच्या अंगातनं. आनि त्यो पोरगा तिथंच अडकला."

मी तिला परोपरीनं सांगितलं. म्हटलं, वॉचमनला दिसत नसेल, शेकडो माणसं येतात, पोरगा दुसरीकडे कुठं तरी लागला असेल, लाजेनं आला नसेल. सगळं तिनं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाली, "शर्ट परत आला की पोरगा सुटंल. तवर मला हितनं हालता येनार नाय." आणि ती हलली नाही. हेच तिचं उरलेलं आयुष्य झालं. दिवसभर इस्त्री, आणि उन्हाळ्याच्या दुपारी दार सताड उघडं ठेवून वाट बघणं. तिची मुलगी मंगल नाशिकला असते. दरवर्षी यायची, आई चल म्हणायची, रडायची, रागावून जायची. काकीचं एकच म्हणणं, "मी गेले आनि त्यो आला तर कपडे कुठं बदलंल?"

त्या काळ्या शर्टाचं सांगायचं राहिलं. खिडकीजवळच्या खुंटीवर तो तसाच लोंबत होता. पावसाळ्यात, जेव्हा इथं मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरा चढतो, तेव्हा तो शर्ट कोरडा ठणठणीत असे. थंडीतही कोरडा. पण वैशाखात भर दुपारी तो ओला व्हायचा. आधी बगलेत, मग पाठीला. मी तिला समजावलं होतं की घामात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यात नवल काय? काकी म्हणाली, "मग पावसात का नाय ओढत?" शाळेत मी विज्ञानात हुशार होते. तरी त्या प्रश्नावर मी विषय बदलला.

एकदा तर मी ठरवून, काकी बाजारात गेलेली असताना, त्याला हात लावायला गेले. दुपारच्या वेळी खोलीत माशी नव्हती. शर्टाची छाती जराशी वर आली आणि खाली गेली. पंखा चालू होता, हे मी मुद्दाम लिहिते. पंखा बंद केला... आणि मग बघत न थांबता बाहेर येऊन स्टुलावर बसले. त्यानंतर शर्टाबद्दल मी काकीला कधी चिडवलं नाही.

अलीकडे तिच्याकडे येणारी माणसं कमी झाली होती. पोरं मोबाइलवर अर्ज करतात, मुलाखतीही कधी कधी मोबाइलवरच होतात. वर चांगला शर्ट आणि खाली अर्धी चड्डी घालून बसतात म्हणे. हे सांगितलं तेव्हा काकी पोट धरून हसली. हसताना तिला धाप लागली. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती फार थकली होती. पत्र्याखाली दुपारी बसवत नसे, डॉक्टरांनी सांगितलं होतं उन्हाच्या वेळी गार जागेत राहा. आणि ती नेमकी उन्हाच्याच वेळी दार उघडून बसायची.

आमची शेवटची भेट ती जायच्या आधीच्या रविवारी झाली. मी कलिंगड नेलं होतं. तिनं एक फोड खाल्ली आणि म्हणाली, "जरा शर्टाला हात लाव." मला लावायचा नव्हता. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी हात लावला. शर्ट पिळून काढावा इतका ओला होता, आणि थंडगार होता, माठाच्या पोटासारखा. बाहेर जमीन तापून धग मारत होती आणि माझी बोटं गारठली. मी हात साडीला पुसला आणि म्हटलं, "पत्रा गळतोय तुझा." भर उन्हाळ्यात! दोघी हसलो. मग ती म्हणाली, "यंदा येल त्यो. लय पळत येतो हाय." मी तिचा हात धरून नुसती बसून राहिले. मला तिला उचलून कुठंतरी लांब, डोंगरावर, झाडीत न्यावंसं वाटत होतं. इतकी माया मला माझ्या आईचीही वाटली नव्हती.

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. मंगलनं दिवस नाशिकलाच केले. मालकाला खोली हवी होती, म्हणून सामान आवरायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. किल्ली काकी गेली त्या दिवसापासून माझ्याकडेच होती. मी सकाळी जायचं ठरवून निघाले, पण एक ना दोन, आणि पोचेपर्यंत बारा वाजून गेले. विमल ताडपत्रीखाली मेथीवर पाणी शिंपडत होती. मी कुलूप काढत असताना ती उठून जवळ आली आणि म्हणाली, "ताय, एक सांगू? तवा मानसांत नाय बोलले." त्या दुपारी कोणीतरी आलं होतं. तिला तो पाठमोराच दिसला होता, पांढऱ्या शर्टात, घामानं पार भिजलेला. काकी उठली होती, स्वतः, कुणाच्या आधाराशिवाय. काहीतरी बोलली. हसत होती. त्याला आत घेतलं, दार ओढलं आणि स्टुलावर बसली.

"मग तो बाहेर आला तो तुला दिसला नाही?"

"मी हितंच व्हते ना. दारावरच नजर व्हती. कोन नाय आला भाईर."

मी आत गेले. इस्त्री, टेबल, ट्रंक, माठ, सगळं जागच्या जागी. खोलीत काकीच्या हातच्या कांजीचा वास अजून होता. मी खिडकीकडे वळले.

काळा शर्ट नव्हता. तो इतकी वर्षं जिथं लोंबला होता तिथं भिंतीचा रंग फिका राहिला होता, दोन बाह्यांसकट. आणि त्या फिक्या डागावर पांढरा शर्ट टांगलेला होता, बारीक निळ्या रेघांचा. मी उभ्या जागी उभीच राहिले. मग जवळ गेले. डाव्या बाहीला दोन घड्या, ताज्या, आत्ता इस्त्रीखालून निघाल्यासारख्या. पाठ मात्र ओली होती. मी हात लावला तर ती थंड नव्हती. ऊब होती तिला, अंगावरून नुकत्याच काढलेल्या कपड्याला असते तशी.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला रडू आलं, मोठ्यानं, शेजारपाजार विसरून. आला बाई एकदाचा, परत केला शर्ट, सुटला पोरगा... आणि काकी, तूही सुटलीस. किती वर्षं मी तुला वेडी म्हटलं. शर्ट धुवावा, मंगलकडे पाठवावा, असं मनात आलं आणि हात पुढे झाला. पण खुंटीवरचं काढायचं नाही, ज्याचं त्यानं यायचं असतं. मी हात मागे घेतला. तेवढ्यात मला स्पष्ट जाणवलं की मी इथं थांबणं बरं नाही. आत कुणी बदलत असलं की आपण बाहेर जायचं, ही त्या खोलीची रीत, आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळले.

बाहेर आले. दार ओढून घेतलं. स्टूल भिंतीशीच होतं, तिच्या बसण्यानं मधोमध गुळगुळीत झालेलं. दाराकडे पाठ करून मी बसले. समोर रस्ता उन्हात हलत होता. पाठीमागे दाराच्या फळीतून कापडाची सळसळ ऐकू येत होती. सुती साडीच्या निऱ्या झटकतात, तशी.

विमलनं पाण्याचा हात पदराला पुसला आणि पलीकडून हाक मारली, "ताय, आत कोन हाय?"

मी पाय सावलीत ओढून घेतले.

"काकी हाय," म्हटलं. "कपडे बदलतेय."